वाचलेले कुठे जाते?

दरवर्षी १५ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या शाळेत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली शोधण्याची धावपळ सुरू होते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस राज्यात २०१५ पासून 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाट उघडते, धूळ झटकली जाते, मुले व्हरांड्यात रांगेने बसतात आणि प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक दिले जाते. फोटो निघतो. अहवाल वर जातो. मग पुस्तके मोजून पुन्हा कपाटात. मोजणे फार महत्त्वाचे, कारण एक जरी कमी भरले तरी ते आमच्या नावावर लागते.

तीन वर्षांपूर्वी याच दिवशी रांगेतून फिरत असताना सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, तुम्ही सध्या कोणतं पुस्तक वाचताय?" तिच्या विचारण्यात खोच नव्हती. आई घरी विड्या वळते. मुलगी किराणा मालाच्या पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही, अशी तिची ख्याती. आम्ही क्षणभरही न थांबता सांगितले, "श्यामची आई." ती खूश झाली. म्हणाली, "मी पण तेच वाचतेय! तुम्ही कुठपर्यंत आलात?" आम्ही म्हणालो, "निम्मं झालं."

साने गुरुजींचे ते पुस्तक आम्ही शेवटचे हातात धरले होते डी.एड.च्या पहिल्या वर्षी. म्हणजे दोन वाक्यांत दोनदा खोटे बोललो, तेही त्या पुस्तकाचे नाव घेऊन. खोटे बोलल्याचे वाईट वाटले, पण ते किती सहज तोंडातून आले याचे त्याहून अधिक वाटले.

हा प्रसंग आम्ही मित्रांना सांगितला तेव्हा कोणी हसले नाही. आम्ही चौघे शिक्षक. तिघे मराठी माध्यमाच्या शाळांतले, एक उर्दू शाळेतला. एकमेकांना विचारले, गेल्या वर्षभरात पाठ्यपुस्तक सोडून कोणते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले? चौघांत मिळून दीड पुस्तक निघाले. त्यातले एक करबचतीवर होते. म्हणून या लेखात 'आम्ही' म्हटले आहे. नेमके कोण खोटे बोलले ते सांगत नाही. 'आम्ही' या शब्दात लपायला जागा असते हे आम्हाला ठाऊक आहे. त्याचा विषय पुढे यायचाच आहे.

मोबाइलला दोष देणे सोपे आहे, आणि पालकसभेत आम्ही तो न चुकता देतोही. पण खरे सांगायचे तर आमचे वाचन मोबाइल येण्याच्या आधीच थांबले होते. नोकरीचा कायम आदेश हातात पडला त्या सुमारास ते थांबले. परीक्षा संपल्या, मुलाखती संपल्या, आता कशासाठी वाचायचे? हा प्रश्न आम्ही कधी मोठ्याने विचारला नाही. वागण्यातून मात्र त्याचे उत्तर देऊन टाकले.

येथे थोडे मागे जावे लागते.

आमच्याकडे मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्ला होते. मौलवीसाहेब समोर बसवतात, पाटीवर अक्षर गिरवून घेतात, बत्तासे वाटले जातात. मग मकतब, मग कायदा, मग सिपारा. रेहलवर कुरआन शरीफ उघडून एका लयीत पुढे-मागे झुलत आम्ही नाझिरा पूर्ण केले. तीस पारे पूर्ण झाले त्या दिवशी नवे कपडे, हार, जवळच्या नातेवाइकांना जेवण. त्या वयात मिळालेला तो मान पुढे कोणत्याच पदवीने मिळवून दिला नाही. त्यानंतर कुरआन शरीफ मखमली जुझदानात गुंडाळून घरातल्या सर्वांत उंच फळीवर गेले. इतक्या उंच की लहान मुलाचा हात पोहोचू नये. मोठ्यांचाही तेथे फारसा पोहोचत नसे. रमजानमध्ये ते उतरायचे.

दुसरीकडे मराठी शाळा. तेथली पुस्तके जूनमध्ये निम्म्या किमतीत घ्यायची आणि एप्रिलमध्ये पुढच्या मुलाला त्याच किमतीत विकायची. रस्त्यात उर्दू किंवा अरबी अक्षरांचा कागद पडलेला दिसला तर अब्बा उचलून, डोळ्यांना लावून भिंतीच्या फटीत खोचायचे. मराठी कागदात भजी बांधून यायची. यात मराठीचा अपमान करण्याचा हेतू मुळीच नव्हता. एक अक्षर पाक होते, दुसरे उपयोगाचे होते, एवढेच. अडचण अशी की जे यांपैकी दोन्हींत बसत नाही, त्या पुस्तकाला घरात फळीच नव्हती. कथा-कविता वाचणारा मुलगा दिसला की मोठी माणसे काळजीने विचारत, अभ्यास झाला का? आणि अभ्यास झाला असेल तर विचारत, नमाज झाली का?

अशा रीतीने आम्ही दोन प्रकारचे वाचन शिकलो. एक सवाबसाठी, दुसरे गुणांसाठी. कुरआनच्या एका अक्षराला दहा नेक्या, हे आम्हाला कळायच्या आधीपासून पाठ होते. त्याविषयी आमच्या मनात शंका नाही, देणारा देणारच. पण आमची गंमत अशी झाली की दोन्हीकडे आम्ही मोजायला शिकलो. किती पारे झाले, किती टक्के पडले. वाचताना आमच्यात काय झाले, हे मोजता येत नव्हते म्हणून कोणी विचारले नाही, आणि आम्हीही स्वतःला विचारले नाही. पुढे शिक्षक झालो तेव्हा हेच माप घेऊन वर्गात गेलो. आमच्या वाचननोंद वहीत रकाने आहेत ते असे: पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठसंख्या, शिक्षकाची सही.

सोलापुरात १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण मुसलमानाने मराठीत लिहिण्याविषयी खूप बोललो. कोणत्या मराठीत लिहावे, घरातली दखनी किंवा कोकणी बोली त्यात यावी की नाही, कोणासाठी लिहावे. ते बोलणे आवश्यक होते. पण वाचण्याची बाजू राहून गेली, असे आम्हाला वाटते. आपल्या प्रत्येक शैक्षणिक मेळाव्याच्या फलकावर 'इकरा' हा शब्द असतो. वक्ते सांगतात की इस्लामचा पहिला आदेश 'वाच' हा आहे, म्हणून मुलांनी डॉक्टर-इंजिनिअर व्हावे. हे वाक्य आम्हीही भाषणांतून किती वेळा म्हटले असेल!

पण त्या रात्रीचा प्रसंग थोडा थांबून पाहावा. हिरा गुहेत ज्यांना 'वाच' असे सांगितले गेले ते हजरत मुहम्मद पैगंबर (स.) उम्मी होते. समोर कागद नव्हता, ग्रंथ नव्हता. आपल्याला वाचता येत नाही, असे त्यांनी सांगितले तरी तोच शब्द पुन्हा आला. आणि ते घरी परतले ते थरथरत. मला पांघरूण घाला, असे बीबी खदीजांना (र.) म्हणाले. आमच्या फलकांवरच्या 'इकरा'त ही थरथर कुठेच नसते. ज्या वाचनाने माणूस घरी येऊन पांघरूण मागतो, ते वाचन आणि स्पर्धा परीक्षेची तयारी यांत काही अंतर असले पाहिजे.

येथपर्यंत आल्यावर आम्हाला वाटले, उत्तर सापडले. अर्थ न कळता वाचणे हाच दोष. अर्थ समजून वाचले की माणूस बदलतो. हे उत्तर आम्हा शिकलेल्यांना आवडते, कारण त्यात आमचा नंबर वर लागतो. पण ते टिकले नाही. आमच्यापैकी एकाच्या दादीमुळे टिकले नाही.

दादीला अरबी अक्षरे उच्चारता येत होती, अर्थ एका आयतीचाही सांगता येत नव्हता. मराठी, उर्दू काहीच वाचता येत नव्हते. रोज फजरनंतर ती पाव पारा वाचायची. मोहल्ल्यात तिचा शब्द चालायचा, भांडणे तिच्या उंबऱ्यावर येऊन मिटायची. कॉलेजात शिकणाऱ्या नातवाने, म्हणजे आमच्या मित्राने, एकदा तिला ऐकवले की अर्थ कळत नसेल तर वाचून काय उपयोग? दादी म्हणाली, "मतलब मेरेकू नै मालूम बेटा. पन पढ़ के उठे तो मूं से गाली निकलती नै." नातू तर्जुमा वाचायचा, दोन भाषांतरे ताडून पाहायचा. त्याच्या तोंडून मात्र शिव्या निघायच्या. आजही निघतात, हे तो स्वतःच सांगतो.

तेव्हा अर्थ कळणे पुरेसे नाही. न कळणे चांगले, असेही नाही. दादीला अर्थ कोणी शिकवला असता तर ती आणखी कुठे पोहोचली असती, कोण जाणे. स्त्रियांना ते शिकवले गेले नाही हा आपल्या समाजाचा अपराध आहे, तिचा मोठेपणा सांगून तो झाकता येणार नाही. पण तिच्यात आणि आमच्यात एक फरक होता. ती पुस्तकासमोर बसायची तेव्हा आपल्याला काही सांगितले जात आहे, अशी बसायची. आम्ही बसायचो ते पेपर तपासायला बसतात तसे.

खोटे पकडले गेले नव्हते, तरी त्या ऑक्टोबरनंतर आम्ही चौघांनी ठरवले की आठवड्यातून एकदा, गुरुवारी मगरीबनंतर, एकत्र बसून वाचायचे. काय वाचायचे यावरून पहिले दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी एकाने घरातली लोखंडी ट्रंक आणली. आजोबांची. आजोबांचे बार्शी तालुक्यातल्या एका गावात किराणा दुकान होते. ट्रंकेत वीसेक उर्दू पुस्तके होती, काहींना वाळवी लागलेली. नातवाला दखनी बोलता येते, मराठीत तो एम.ए. आहे, पण उर्दू लिपी येत नाही. म्हणजे आजोबा काय वाचत होते हे नातवाला कळण्याचा मार्गच दोन पिढ्यांत बंद झाला. अशा किती ट्रंका आपल्या घरांतून रद्दीत गेल्या असतील! अब्बांनी भिंतीच्या फटीत खोचलेले कागदही आमच्यातल्या कोणाला वाचता आले नसते, हे तेव्हा ध्यानात आले.

उर्दू शाळेतल्या मित्राने एक जाड पुस्तक उचलले आणि नाव वाचले: 'कीमिया-ए-सआदत'. इमाम गझालींच्या फारसी ग्रंथाचे ते उर्दू भाषांतर होते. तेच वाचायचे ठरले. तो उर्दूत वाचणार, अडले की आम्ही मराठीत मांडून पाहणार.

वाचण्याआधी गझालींचे चरित्र माहीत करून घेतले, आणि तेथेच अडकलो. आम्ही शिक्षक, ते शिक्षकांचे शिक्षक. जन्म १०५८ चा, खोरासानातल्या तूस येथला. तरुणपणीची त्यांची एक गोष्ट सांगतात. शिकून परतताना वाटेत लुटारूंनी त्यांचे सामान घेतले. गझालींनी विनवणी केली की बाकी काही घ्या, माझ्या टिपणांच्या वह्या तेवढ्या द्या, माझे सारे ज्ञान त्यात आहे. लुटारूंचा म्होरक्या हसला. आम्ही वह्या घेतल्या की जे नाहीसे होते ते तुझे ज्ञान कसले, अशा अर्थाचे काही तो बोलला. वह्या परत मिळाल्या, आणि पुढची तीन वर्षे गझालींनी ती टिपणे आत मुरवण्यात घालवली. (हे ऐकून आमच्यापैकी एकाने आपल्या पाठ टाचणाच्या वहीकडे पाहिले. ती दरवर्षी उतरवून काढली जाते.)

पुढे १०९१ मध्ये ते बगदादच्या निझामिया मदरशात प्रमुख शिक्षक झाले. शेकडो विद्यार्थी, दरबारात मान. आणि १०९५ मध्ये एक विलक्षण गोष्ट घडली, जी त्यांनी स्वतः 'अल-मुन्किझ' या आत्मवृत्तात लिहून ठेवली आहे. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी नाही, नावलौकिकासाठी, असे त्यांना दिसू लागले. सकाळी सोडून जावेसे वाटे, संध्याकाळी इच्छा मरून जाई. असे काही महिने गेले. मग एक दिवस वर्गात जीभच चालेना. शब्द उच्चारता येईना, घास गिळता येईना. हकिमांनी सांगितले, आजार मनाचा आहे, औषध नाही. शेवटी कुटुंबाच्या खर्चापुरते ठेवून बाकी वाटून टाकले आणि ते बगदाद सोडून निघाले. दमास्कस, जेरुसलेम, हज. अनेक वर्षांनी, ११०६ मध्ये, निशापूरला पुन्हा शिकवू लागले; पण हे परत येणे नव्हे, असे त्यांनी बजावले आहे. आधी ज्याने मोठेपणा मिळतो ते शिकवत होतो, आता ज्याने मोठेपणा सोडता येतो ते शिकवतो, असा त्यांचा आशय.

आम्ही त्या संध्याकाळी बराच वेळ गप्प होतो. एकाने म्हटले, त्यांना नोकरी सोडता आली, आपल्याला घराच्या कर्जाचा हप्ता आहे. विनोद म्हणून म्हटले, पण प्रश्न खराच आहे. जो स्वतः बदललेला नाही त्याने दुसऱ्याला वाच, असे सांगावे का? गझालींच्या जिभेने याचे उत्तर दिले. आमची जीभ मात्र तासाची घंटा झाली की बिनचूक चालते. शिकवणे थांबवणे आमच्या हातात नाही, आणि तो मार्ग योग्य आहे असेही वाटत नाही. त्या सातवीतल्या मुलीला शिक्षक हवाच आहे. तेव्हा अपुऱ्या माणसाने शिकवत राहायचे, पण खोटे बोलायचे नाही, इथपर्यंत आम्ही आलो. याहून पुढे येता आले नाही.

पाचव्या की सहाव्या बैठकीत व्यवहाराचे प्रकरण निघाले. व्यापार कसा करावा, न्यायाच्याही पलीकडे जाऊन उपकार कसा करावा, अडचणीत असलेल्या कर्जदाराला सवलत द्यावी, जमल्यास माफ करावे. सूरह बकरामध्येही हे आहे. वाचता वाचता मित्र थांबला. समासात पेन्सिलीने काही लिहिले होते. आजोबांचे अक्षर. आम्हाला वाटले, काही सुविचार असेल किंवा एखादी आयत. मित्राने डोळ्यांजवळ धरून वाचले. एक नाव होते आणि पुढे 'अकरा रुपये चार आणे'. त्यावर आडवी रेघ मारलेली.

नाव गावातल्या एका शेतमजुराचे होते. ते येथे देत नाही, त्यांची नातवंडे आजही गावात राहतात. पुढच्या तीन पानांवर आणखी चार नावे, चार रकमा, चार रेघा. एक रेघ अर्धवट होती, ती का हे आता कळायचा मार्ग नाही. नातवाला त्या रात्री झोप आली नसावी. आजोबा चिकट होते, असे त्याने घरात ऐकले होते. दुकान बुडाले ते त्यांच्या कारभारामुळे, असेही.

आम्ही मोजण्याविषयी एवढे बोललो, आणि आजोबांनी तर चक्क हिशेबच लिहून ठेवला होता. पण त्यांनी वाचलेले कुठे गेले ते त्या समासात दिसत होते. ते उधारीच्या वहीत गेले होते.

यानंतर आम्हाला जे लिहायचे आहे ते लिहायला हात जड होतो. आमच्यापैकी एकाने, सहा वर्षांपूर्वी, नववीच्या वर्गात एका मुलाला उभे केले होते. पुस्तक आणले नव्हते. तिसऱ्यांदा. सर म्हणाले, "तुझ्या घरात कधी कुणी पुस्तक पाहिलं तरी आहे का?" वर्ग हसला. मुलगा बसला. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. त्या वाक्यामुळे आला नाही, असे आम्ही म्हणू शकत नाही. घरची परिस्थितीही तशीच होती. त्या वाक्यामुळे नव्हे, असेही म्हणू शकत नाही. आणि ज्याने ते विचारले त्याच्या घरात पुस्तकांची एक ट्रंक होती, जी त्याने तोवर उघडलेली नव्हती.

हे 'आमच्यापैकी एक' असे लिहिले खरे. वर लपण्याची जागा म्हटले ती हीच. बाकी तिघांनी सांगितले की तशी वाक्ये आम्हीही बोललो आहोत, मुले वेगळी. म्हणून 'आम्ही' तसेच राहू देतो.

मुलगा कुठे असतो हे शोधायला वेळ लागला नाही. होटगी रस्त्यावर एका गॅरेजमध्ये. आम्ही गेलो, म्हणजे एकटाच गेलो, स्कूटर घेऊन, कारण नुसते जायला काही निमित्त हवे होते. त्याने ओळखले. "या सर, बसा." चहा मागवला. आम्ही त्या दिवसाचे बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही, वाक्ये तयार करून नेली होती ती वापरता आली नाहीत. तो प्लग काढून कानशीने घासत ऐकत होता. म्हणाला, "सर, खरं तर आमच्या घरात पुस्तक होतं. अम्मीचं. जुझदानात." मग थोड्या वेळाने म्हणाला, "तेव्हा सांगायला पाहिजे होतं."

स्कूटर चालू झाली. त्याने पन्नास रुपये सांगितले. आम्ही शंभराची नोट दिली आणि राहू दे म्हणालो. त्याने गल्ल्यातून पन्नास काढून आमच्या हातावर ठेवले.